पाचवी जागा

मध्यस्थबाईंनी ग्रंथालयाचं दार ढकललं आणि रोझॅन टिमकोच्या पोटात गोळा आला. आता रोझॅन काही भित्री नव्हे. अकरा वर्षं ती ऑर्चर्ड रन गावच्या शिक्षक संघटनेची अध्यक्ष होती, आणि या अकरा वर्षांत गोळा यायचा तो समोरच्यांच्या पोटात.

दर तीन वर्षांनी शिक्षकांचा करार संपायचा आणि हा खेळ मांडला जायचा. प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात शिक्षकांची माणसं, कॉरिडॉरच्या पलीकडे संगीताच्या वर्गात शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डाची माणसं आणि त्यांनी कोलंबस शहरातून आणलेला वकील. एकमेकांची तोंडं बघायची नाहीत. सरकारनं पाठवलेली मध्यस्थ तेवढी कागद घेऊन इकडून तिकडे जाणार, रुसलेल्या दोन व्याह्यांमध्ये निरोप नेणाऱ्या मावशीसारखी. आणि बसायला सात वर्षांच्या पोरांच्या खुर्च्या. गुडघे हनुवटीला टेकवून मोठमोठ्या माणसांनी भांडायचं.

"बोर्डाचा शेवटचा प्रस्ताव," मध्यस्थबाई म्हणाल्या. "शेवटचा म्हणजे अगदी शेवटचा, असं वकिलांनी मला दोनदा सांगायला लावलंय."

ड्वेन लँडिस फिस्सकन हसला. ड्वेन शाळेत पोरांना पळवायचं काम करतो, म्हणजे व्यायामाचा शिक्षक, आणि वाटाघाटीला रोझॅनच्या उजव्या हाताला बसतो. "शेवटचा! गेल्या खेपेला किती शेवटचे आले होते गं, रोझॅन? तीन ना? तिसऱ्याच्या वेळी तर वकील निघायच्या तयारीत ओव्हरकोट चढवून बसला होता."

रोझॅन हसली नाही. ती वाचत होती. आजारपणाचा विमा आहे तसाच राहील, शिक्षकांच्या खिशाला जास्तीची चाट नाही. सहा महिने ज्यासाठी घसा फोडला ते हातात आलं होतं. पगारवाढ बरी होती. मग खालची ओळ. पट घटल्यामुळे जूनपासून पाच जागा कमी.

जागा कशा कमी होतात ते या गावात कोणीही सांगेल. शेवटी आला तो आधी जाणार. ज्येष्ठतेची यादी शिक्षकांच्या खोलीत टाचलेली असते, आणि मार्च लागला की जो तो कॉफीचा कप घेऊन तिच्यासमोर उगाच रेंगाळतो. खालची चार नावं सगळ्यांना पाठ होती. त्या चौघांनी मनाची तयारी केलेली होती, दोघांनी तर दुसरीकडे नोकऱ्याही बघून ठेवल्या होत्या. पाचव्या जागेवर मात्र दोन नावं शेजारी शेजारी होती. कोरीन हॅडॉक, बालवर्ग. मार्नी टिमको, दुसरी. दोघी तीन वर्षांपूर्वी एकाच बैठकीत, एकाच ठरावानं लागलेल्या.

मार्नी ही रोझॅनची मुलगी.

असा पेच पडला तर काय करायचं ते करारात लिहिलेलं आहे. एकाच दिवशी लागलेल्यांनी महिन्याभरात अध्यक्षांसमोर चिठ्ठ्या उचलायच्या. एक नंबर ज्याला येईल तो वर, दोनवाला त्याच्या खाली. दर ऑगस्टमध्ये रोझॅन कॉफीचा रिकामा डबा घेऊन हे काम उरकायची, वर सगळ्यांना डोनट खायला घालायची. फक्त त्या वर्षी तिनं ते उरकलं नाही. स्वतःच्या पोरीसमोर डबा कसा धरायचा? आणि एक नंबर नेमका तिलाच आला तर लोक काय म्हणतील? "शाळा सुरू तर होऊ दे," म्हणाली. मग "नाताळ होऊ दे," म्हणाली. तेव्हा वर्ग भरलेले होते, कोणाला कशाची भीती नव्हती, आणि सगळे विसरून गेले. सगळे म्हणजे, ती सोडून सगळे.

"पाच कुठले आलेत!" ड्वेन म्हणाला. "हे चारवर येणार. लिहून घे माझ्याकडून. ऊठ, आपट टेबल, लाल पेननं 'नाही' लिही आणि धाड परत."

रोझॅनचं टेबल आपटणं पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं. पहिल्या 'शेवटच्या' कागदावर ती नेहमी हेच करायची. टेबलावर अशी थाप मारायची की पलीकडच्या वर्गातल्या झांजा वाजाव्यात, आणि मग कागदभर 'नाही.' बोर्डाच्या खिशात आणखी एक कागद असतोच, हे तिला ठाऊक होतं. बोर्डालाही ठाऊक होतं की तिला ठाऊक आहे. तिची थाप ऐकल्याशिवाय ते तो कागद काढत नसत.

"कोणी लिहायचं 'नाही'?" तिनं विचारलं.

"कोणी म्हणजे? तू."

"पाचवी जागा वाचवायला टिमको उभी राहिली, असंच ना? उद्या सकाळी काय बोलतील ते मी तुला आत्ताच बोलून दाखवते."

तिनं ऐकलं होतं ना स्वतःच्या कानांनी. दोन आठवड्यांपूर्वी शिक्षकांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून कोणीतरी म्हणालं, "टिमकोबाई सगळं विकतील, पोरीची खुर्ची सोडून." त्यावर सगळे हसले. बोलणाऱ्यापेक्षा त्या हसण्याचाच तिला जास्त चटका बसला. ती कॉफी न घेताच परत फिरली होती.

"मग मी लिहितो," ड्वेन म्हणाला. "माझं कोण आहे यादीत? माझा कुत्रा?"

"तू लिहिलंस काय नि मी लिहिलं काय. तू माझा माणूस आहेस हे गावातल्या मांजरालाही माहीत आहे. आणि चिठ्ठ्या तीन वर्षं उचललेल्याच नाहीत हे एकदा बाहेर पडलं की झालंच. म्हणतील, बाईनं पोरीसाठी राखून ठेवल्या होत्या."

"अगं, पण तिथं कोरीनचंही नाव आहे की! मार्नीला ठेव बाजूला. कोरीनसाठी तरी..."

"कोरीनच्या आडून पोरीला वाचवतेय म्हणतील."

"म्हणतील, म्हणतील! कोण म्हणतील त्यांची नावं सांग, आत्ता जाऊन विचारून येतो."

मध्यस्थबाई खिडकीबाहेर बघत होत्या. एप्रिलचा ओला बर्फ गाड्यांवर पडत होता. त्यांना कोणाची बाजू घ्यायची परवानगी नव्हती, पण त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मिसेस टिमको, घाई नाही हं. हवा तेवढा वेळ घ्या."

यापेक्षा उघड बाईंनी काय सांगायचं? पलीकडे अजून कागद आहे, हे रोझॅनला समजलं. न समजायला ती काल आलेली नव्हती. पण धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी तिची गत झाली होती, आणि सोडणं निदान स्वच्छ दिसत होतं. तिनं कागदाच्या खाली 'मान्य' लिहिलं. सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

ड्वेन म्हणाला, "त्या पाचव्या जागेवर तुझी पोर नसती ना, तर आज त्या झांजा फुटल्या असत्या."

"गप बस, ड्वेन."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, व्यायामशाळेत सभा झाली. विमा वाचला म्हटल्यावर लोकांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या, आणि करार हा हा म्हणता मंजूर झाला. चिठ्ठ्यांचं राहून गेलंय हे रोझॅननं स्वतःच सांगितलं; शुक्रवारी, सगळ्यांच्या देखत उचलू म्हणाली. बाहेर पडताना विज्ञानाच्या म्हाताऱ्या बाईंनी तिचा हात धरला. "स्वतःची पोर पणाला लागली तरी हूं की चूं केलं नाहीस. मानलं बाई तुला." रोझॅननं मान खाली घातली. खोटं कशाला सांगा, ते ऐकून तिला बरं वाटलं. गाडीत बसेपर्यंत बरं वाटलं. मग किल्ली फिरवताना ड्वेनच्या झांजा आठवल्या.

त्या संध्याकाळी मार्नी जेवायला आली. रोझॅननं बटाट्याचं सारण भरलेले, करंजीसारखे पिएरोगी उकडून कांद्यावर परतले होते. मार्नीला ते लहानपणापासून डझनानं लागायचे. आज तिनं तीन चिवडले.

"आई, दोन नंबर आला तर?"

"आला तर आला. तुला मिळेल कुठंही. जवळपास शाळांची काय कमी आहे?"

"आणि कोरीनला आला तर?"

"तिलाही मिळेल."

"तिनं फेब्रुवारीत घर घेतलंय, आई. नदीपलीकडून स्वतःच्या आईला घेऊन आलीये. तिच्या आईला दिसत नाही नीट. तिनं सगळ्या दारांना वेगवेगळे रंग दिलेत, म्हणजे म्हातारीला कळावं कुठली खोली कुठली." मार्नीनं काटा खाली ठेवला. "मघाशी सभेतून निघताना मला म्हणाली, 'आपण दोघी डबा घेऊन पळून जाऊ या का?' आम्ही इतक्या हसलो. आणि मग एकदम दोघींनाही हसू येईना."

"जेव ना गं."

"तुला तरी जेवण कसं जातंय?"

रोझॅनही खात नव्हती. तिच्या ताटात पिएरोगी तसेच होते, फक्त तिनं त्यांचे तुकडे केले होते.

गुरुवारी बोर्डानं करार मंजूर केला. शुक्रवारी साडेतीनला, पोरं बसमध्ये बसून गेल्यावर, ग्रंथालयात दहा-बारा माणसं जमली. बोर्डातर्फे हार्लन युट्झी आला होता. हार्लन बोर्डाचा अध्यक्ष. गावात त्याचं पेंड आणि बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि याच शाळेत तो आणि रोझॅन एका वर्गात शिकले. कार्यालयातल्या कारकूनबाईंनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या, सगळ्यांना दाखवल्या. डबा ड्वेननं धरला. रोझॅन लांब खिडकीशी हात पाठीमागे बांधून उभी राहिली, म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको.

आडनावाच्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं उचलायचं, म्हणजे हॅडॉक आधी. कोरीन पुढे आली. बारीक चणीची, केसांत पेन्सिल खोचलेली, बाहीला हिरवा रंग लागलेला. ड्वेननं डबा डोक्याइतका उंच धरला, तिला टाचा उचलाव्या लागल्या. तेवढ्यात कोणीतरी खोकलं आणि रोझॅन दचकली. तिच्या मनात फक्त एकच चाललं होतं, दोन, दोन, दोन. देवाची शपथ, तिला थांबवता येत नव्हतं ते.

कोरीननं घडी उलगडली. "दोन," ती म्हणाली.

नियम म्हणून मार्नीनंही उचलली. एक.

रोझॅनचा जीव भांड्यात पडला. आधी ते झालं. लाज मागाहून आली. समोर मार्नी रडत होती आणि कोरीन तिला थोपटत होती, नोकरी गेलेली राहिलेलीला समजावत होती. मग कोरीन म्हणाली, "मला वर्ग आवरायचाय," आणि बाहेर गेली. माणसं एकेक करून पांगली.

कॉरिडॉरमध्ये हार्लन रोझॅनसाठी थांबला होता. टोपी हातात फिरवत होता.

"रोझॅन, एक विचारू? रागावू नकोस. मंगळवारी तुला झालं काय होतं? बरं नव्हतं का?"

"का रे?"

"अगं, चारचा कागद तयार होता आमच्याकडे. टाईप करून, सहीला जागा सोडून. वकील म्हणाला, थांबा, आता बाई टेबल आपटेल, 'नाही' येईल, मग द्या. आम्ही आपले बसलोय वाट बघत. मी तर भिंतीला कान लावला होता. आणि मध्यस्थबाई येतात त्या 'मान्य' घेऊन! वकिलाला आधी वाटलं, तू चेष्टा करतेयस."

"मग द्यायचा होतास ना तो कागद!"

"मान्य म्हटल्यावर कोण देतं गं? गिऱ्हाईकानं सांगितली ती किंमत मोजली, तर मी काय दुकानाबाहेर पळत जाऊन थोडी परत करतो?"

"आता दे. हार्लन, आत्ता दे. अजून जून लागायचाय."

"काल मंजूर झाला करार. तो उघडायचा तर सगळाच उघडावा लागेल, विम्यासकट. वकील टपूनच बसलाय. विचार तुझ्या एकशे चाळीस माणसांना, चालेल का म्हणून." तो खाली बघून म्हणाला, "मला वाटलं, तुला माहीत असेल. तुला नेहमी माहीत असतं."

तो गेला. रोझॅन तिथंच उभी राहिली. तिला माहीत होतं, हेच तर होतं. आकडा नसेल, पण खिशात कागद आहे हे माहीत होतं. एक थाप मारायची होती फक्त. कोणत्याही दुसऱ्या पोरीसाठी तिनं ती झोपेतसुद्धा मारली असती.

बालवर्गाचं दार उघडंच होतं. कोरीन नळाखाली ब्रश धूत होती. डोळे लाल होते, पण रडून झालं होतं.

"या ना, मिसेस टिमको," ती म्हणाली, आणि रोझॅनला तोंड उघडायला वेळच दिला नाही. "मी तुमच्याकडे येणारच होते. आत्ता आईला फोन केला. ती म्हणाली, अध्यक्षबाईंची स्वतःची मुलगी होती, मग तुला कसली आलीये आशा? मी म्हटलं, नाही आई, त्या खिडकीशी हात बांधून उभ्या होत्या. माझ्या वाट्याचा चान्स मला पुरेपूर मिळाला. माझ्याशी इतकं सरळ आजवर कोणी वागलं नाही." तिनं बाहीनं नाक पुसलं. "वाईट वाटतंय. पण राग नाही आला कोणाचा. हे तुम्हाला सांगायचं होतं."

रोझॅन बसली. खुर्ची पाच वर्षांच्या पोराची होती. गप्प बसता आलं असतं. सरळ पाठ थोपटून, शिफारसपत्राचं आश्वासन देऊन घरी जाता आलं असतं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिनं तेच ठरवलं होतं.

"कोरीन, चिठ्ठ्या उचलायची वेळच यायला नको होती," ती म्हणाली. "बोर्ड चारवर येणार होतं. कागद तयार होता. मी 'नाही' म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं नाही. ड्वेन म्हणत होता, त्यालाही म्हणू दिलं नाही."

नळ चालूच होता. "का?"

"लोक म्हणाले असते, पोरीसाठी भांडली."

"आणि मार्नीच्या जागी दुसरी कोणी असती तर?"

"भांडले असते."

कोरीननं थोडा वेळ विचार केला. ती चिडली असती, ओरडली असती तर रोझॅनला सोपं गेलं असतं. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "मी तुमच्या मुलीबरोबर एकाच दिवशी लागले, एवढंच माझं चुकलं."

"तुझं काही चुकलं नाही. चुकलं माझं. सोमवारी संघटनेची सभा आहे, तिथं मी उभी राहून सांगणार आहे, सगळ्यांसमोर. माझ्यामुळे गेली तुझी नोकरी, असं स्पष्ट सांगणार."

कोरीननं नळ बंद केला. "त्यानं ती परत येईल?"

"नाही."

"मग ते कोणासाठी सांगणार?" ती पहिल्यांदा रोझॅनच्या डोळ्यांत बघून बोलली. "मंगळवारी लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसलात. सोमवारी लोक म्हणतील, काय प्रामाणिक बाई, भर सभेत कबूल केलं. माझं काय हो, मिसेस टिमको? मला मघाशी निदान एवढं तरी वाटत होतं की माझ्याशी कोणीतरी सरळ वागलं. तेही तुम्ही घेऊन चाललात."

कोरीननं नळ पुन्हा सोडला आणि उरलेले ब्रश धुवायला घेतले. सोमवारी पोरांना लागणार होते. रोझॅन उठून दारापाशी गेली आणि तिथंच थांबली. जा असं तिला कोणी म्हणालं नाही, आणि थांबा असंही कोणी म्हणालं नाही.